घसा घेऊन सिल्वासाला

नाशिकच्या स्टँडवर मी चौकशीच्या खिडकीशी वाकून विचारलं, "वापीची गाडी कुठे लागते?" आतल्या गृहस्थांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, हाताची पाचही बोटं काचेला टेकवली, तोंडाचा मोठा आ करून "पाऽऽच" असं दाखवलं आणि शेजारच्याला म्हणाले, "मुकी आहे बिचारी, ऐकू येत नसणार." मला ऐकू येत होतं. ते पुढे आणखी काय म्हणाले तेही ऐकू आलं. उत्तरही जिभेवर तयार होतं, पण ते बाहेर काढायला आवाज नव्हता. म्हणून मी निमूट पाच नंबरला जाऊन उभी राहिले.

माझा धंदाच आवाजाचा. मी निवेदिका. लग्नं, सत्कार, उद्घाटनं, साठीशांती, जिथे माईक आणि हार असतील तिथे मी असायची. ज्या माणसाला त्याच्या गल्लीतलं कुत्रंही ओळखत नाही, त्याला मी "तळागाळातल्या जनतेचा आधारवड" म्हणून इतक्या गोड सुरात व्यासपीठावर बोलवायची, की त्याच्या बायकोलाही क्षणभर खरं वाटावं. गेल्या वर्षी साध्या सर्दी-खोकल्यात घसा बसला. सर्दी गेली, खोकला गेला, आवाज मात्र परत आला नाही. बोलायला गेलं की नुसती हवा. पुढचे कित्येक महिने मी कुजबुजत काढले. माझे कार्यक्रम दुसऱ्या मुली करू लागल्या. पुण्याला शिकणारी माझी लेक फोनवर "आई, काही कळत नाहीये गं, मेसेज कर ना" म्हणायची आणि फोन ठेवून द्यायची. तिचा दोष नव्हता. पण फोन ठेवला की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची आणि रडायची. रडण्याचा आवाज येतो की नाही, हे तेव्हा ऐकायला हवं होतं. नळामुळे राहून गेलं.

घसा दुखू लागला की माणसाला कळतं, आपण वैद्यांच्या देशात राहतो. घरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. कान-नाक-घसावाल्यांनी नाकातून कॅमेरा घातला आणि "स्वरतंतू स्वच्छ आहेत, विश्रांती द्या, कुजबुजत बोला" असं सांगून घरी पाठवलं. ज्येष्ठमध झाला, खडीसाखर झाली, वेखंड झालं. सोसायटीतल्या एका काकूंनी सुचवलेला उपाय इथे लिहिण्यासारखा नाही. प्रत्येकाकडे एक चुलत मेव्हणा होता, ज्याचा आवाज असाच गेला होता आणि अमुक केल्यावर तीन दिवसांत परत आला होता. या मेव्हण्यांना एकदा एका मांडवात बसवून त्यांचा जाहीर सत्कार करावा, असं माझ्या फार मनात आहे.

आणि मग सिल्वासाहून विजूताईंचा फोन आला. विजूताई माझ्या मोठ्या नणंद. माहेर धुळ्याकडचं, पण भावोजींना सायलीतल्या धाग्याच्या कंपनीत काम लागलं तेव्हापासून त्या सिल्वासातल्या डोकमर्डीत राहतात. "वहिनी, तू ये इकडे," त्या म्हणाल्या. "सायलीत एक महाराज आहेत. कंपनीतले सगळे जातात. एका माणसाचं तोंड वाकडं झालं होतं, सरळ केलं." मला महाराज नको होते. पण घरात बसून नवऱ्याचं "काळजी करू नकोस" ऐकणंही नको होतं. मी पिशवी भरली.

पेठ ओलांडून गाडी घाटात उतरू लागली तशी हवा बदलली. थंडीचे दिवस. सागाची मोठमोठी पानं वाळून रस्त्यावर पडली होती आणि चाकाखाली पापडासारखी मोडत होती. कपराड्यानंतर पाट्या गुजरातीत झाल्या. हा रस्ता खरोखर सुंदर आहे, आणि सुंदर असल्यामुळेच त्याची डागडुजी करायची गरज कुणाला वाटत नसावी. माझ्या पुढच्या सीटवरच्या बाईंनी पूर्ण घाटभर खिडकीबाहेर ओकाऱ्या काढल्या आणि मधल्या उसंतीत मला निसर्ग दाखवला.

वापीला उतरून सिल्वासाची शेअर रिक्षा धरली. तीन माणसांच्या जागेत पाच जण. वापी म्हणजे रसायनांचा वास; नाक दोन मिनिटं तक्रार करतं आणि मग हार मानतं. केंद्रशासित प्रदेशाची हद्द कधी ओलांडली हे पाटी न वाचताही कळतं, कारण एकाएकी दारूची दुकानं सुरू होतात. गुजरातेत दारूबंदी, इथे मोकळीक. त्यामुळे तिकडचे सज्जन शनिवारी गाड्या भरभरून इकडे येतात आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा सज्जन होऊन परत जातात. रिक्षावाल्याने मला "बेन, क्यां उतरवानुं?" (ताई, कुठे उतरायचं?) असं विचारलं. मी "डोकमर्डी" असं कुजबुजले. त्याने मान डोलावली आणि मला बरोबर दोन चौक पुढे नेऊन सोडलं.

तेवढं मागे चालत आले, तर विजूताई नाक्यावर उभ्याच होत्या. "काय वं वहिनी, तुना आवाज कथा गया?" (तुझा आवाज गेला कुठे?) त्यांनी भर रस्त्यात अहिराणीत विचारलं आणि मला मिठी मारली. अंगाला कांद्याच्या फोडणीचा वास होता. घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. खाली धुळ्याचे, जळगावचे, नंदुरबारचे लोक, वर बिहारचे, समोर ओडिशाचे. जिन्यात चार भाषांत भांडण चालायचं आणि सगळ्यांना सगळं कळायचं. जेवायला वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) होती. खानदेशातलं हिवाळ्यातलं भरीत म्हणजे काय असतं ते खाणाऱ्यालाच ठाऊक. पण माझ्या ताटात आलेल्या भरितात एकही मिरची नव्हती.

"घशाला तिखट चालत नाही," विजूताई म्हणाल्या.

मी फोनवर लिहून दाखवलं: "हे भरीत नाही, वांग्याचं सुतक आहे." विजूताईंनी ते वाचलं आणि भावोजींना सांगितलं, "वहिनी म्हणते, छान झालंय." पुढचे काही दिवस त्या माझ्या दुभाषी होत्या, आणि त्यांचा दुभाषीपणा असाच होता.

दुसऱ्या दिवशी सायली. दोन्ही बाजूंना कारखाने, पत्र्याच्या लांबच लांब शेड, फाटकांवर पहारेकरी, पाळी सुटल्यावर सायकलींची झुंबड. भावोजींनी आम्हाला एका शेडमागच्या पक्क्या घरापाशी सोडलं आणि ते कामावर गेले. बाहेर तीस-चाळीस माणसं बसलेली. कुणाचं कंबरडं, कुणाची बोटं, कुणाची झोप. रात्रपाळ्या करून झोप उडालेल्या माणसाला झोपेची पुडी विकायची, यासाठी महाराज कशाला व्हायला हवं, पण असो.

महाराज साठीचे, गुटगुटीत. भिंतीवर त्यांचेच निरनिराळ्या हारांतले फोटो. मी हारांमधलीच बाई; कुठला हार दुसऱ्याने घातलेला आणि कुठला स्वतः विकत आणलेला, हे मला लांबूनही ओळखता येतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. डोळे मिटले आणि विजूताईंना हिंदीत म्हणाले, "इनके गले में किसी की नजर बैठी है."

मी फोनवर लिहिलं: "याला विचारा, सर्दी आधी झाली की नजर." विजूताईंनी चष्मा नीट केला, वाचलं आणि हात जोडून म्हणाल्या, "पूछ रही है, कितने दिन में ठीक होगा?"

"सारू थई जशे," महाराज गुजरातीत म्हणाले (बरं होऊन जाईल). भाषा बदलली की विश्वास वाढतो असा त्यांचा अनुभव असावा. मग त्यांच्या माणसाने माझ्या गळ्याला हिरवट लेप थापला, वर फडकं गुंडाळलं आणि सांगितलं, सकाळपर्यंत काढायचा नाही आणि शक्यतो कुणाकडे रागाने बघायचं नाही. दुसरी अट मी दारातून बाहेर पडायच्या आत मोडली.

रात्री गळा पेटला. सकाळी फडकं सोडलं तर मानेवर लालभडक पट्टा आणि बारीक फोड. विजूताई घाबरल्या, पण पुढच्याच क्षणी सावरल्या. "दोष बाहेर पडून राहिला, वहिनी."

माझी चिडचिड पाहून भावोजींनी सुट्टीच्या दिवशी फिरायला न्यायचं ठरवलं. खानवेलच्या पुढे दुधनीला मोठा जलाशय आहे, तिथे होड्या चालतात. वाट डोंगराडोंगरातून. वारली पाडे, गवताची छपरं, सारवलेली अंगणं, कोंबड्या. आणि मधूनच एखादं भव्य रिसॉर्ट, ज्याच्या भिंतीवर त्याच पाड्यांची चित्रं रंगवलेली. माणसाला त्याच्या घरातून उठवायचं आणि भिंतीवर नाचायला लावायचं, याला पर्यटन म्हणतात.

दुधनीला पाणी मात्र खरंच डोळे निववणारं होतं. निळं, शांत, चहूकडे डोंगर. नावाडी प्रत्येकाला अभिमानाने सांगत होता, "मिनी काश्मीर छे." ज्या जागेला स्वतःचं इतकं रूप आहे तिला उसनं नाव कशाला हवं, हे मला त्याला विचारायचं होतं. विचारता आलं नाही. होडीला पडदे होते, गाद्या होत्या, प्लास्टिकची फुलं होती. आम्ही तिघं आणि सुरतेचं एक कुटुंब.

पाण्याच्या मधोमध भावोजींना फोटो काढायची लहर आली. ते कडेला उभे राहिले, एक पाय काठावर ठेवला, मागे वळले. होडी कलली. सुरतेच्या बाई किंचाळल्या, भावोजींचा तोल गेला, त्यांचा एक पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात.

"भावोजी, बसा खाली!"

हे मी ओरडले. माझ्या आवाजात. खणखणीत, माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा माझा स्वतःचा आवाज. डोंगरावर आपटून तो परतही आला.

भावोजी तिथल्या तिथे मटकन बसले. होडी स्थिर झाली. सगळे माझ्याकडे बघत होते. विजूताईंचा हात तोंडावर. "वहिनी! बोल, बोल! आणखी बोल!"

मी तोंड उघडलं. हवा. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. गळा आवळून, मान ताणून, सगळा जीव गोळा करून पाहिलं, आधीपेक्षाही कमी. आणि मग त्या प्लास्टिकच्या फुलांखाली बसून मी सगळ्यांदेखत रडले. इथे नळ नव्हता. त्यामुळे ऐकू आलं की माझ्या रडण्याला आवाज आहे. हुंदका पूर्ण, सुरातला हुंदका होता.

परतीच्या वाटेवर विजूताई खूश होत्या. "लेपाचा गुण! आणखी दोन लेप बसले की झालं." मी फोन काढला आणि लिहिलं: "नाही. आवाज आत आहे. ओरडताना येतो, रडताना येतो, बोलताना येत नाही. हे का, ते ज्याला कळेल त्याच्याकडे मला न्या. लेपवाल्याकडे मी पुन्हा येणार नाही." या वेळी मी फोन त्यांच्या हातात दिला नाही, भावोजींपुढे धरला. त्यांनी ओल्या पँटसकट वाचलं आणि म्हणाले, "बरोबर बोलून राहिल्या त्या."

दुसऱ्या दिवशी गावातल्या एका काचेच्या दवाखान्यात. मासे, कारंजं, मऊ खुर्च्या. डॉक्टर तरुण, सुगंधी. त्यांनीही नाकातून कॅमेरा घातला, पडद्यावर माझेच स्वरतंतू मला दाखवले आणि म्हणाले, "नॉर्मल." मी होडीतली हकीकत लिहून दाखवली. त्यांनी वाचली की नाही, देव जाणे; ते विजूताईंकडे वळले.

"घरी काही टेन्शन आहे का? सासू-सुनेचं वगैरे? बायकांमध्ये होतं असं. मनाचं असतं."

आठवडाभर रोज महाराजांची महती गाणाऱ्या माझ्या नणंदेला हे मात्र सहन झालं नाही. "माझी आई जाऊन सहा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "ती आता वरून टेन्शन देऊन राहिली का?"

डॉक्टर हसले आणि झोपेच्या गोळ्या लिहू लागले. मी त्यांच्या टेबलावर बोट आपटलं आणि जितकं कुजबुजता येईल तितकं मोठ्याने कुजबुजले, "आवाजावर काम करणारं कुणी नसतं का? व्यायाम घेणारं?"

"स्पीच थेरपी म्हणताय? अहो, ती तोतऱ्या मुलांसाठी असते. तुमच्यासारख्यांना तिचा काय उपयोग?" त्यांनी हात झटकला.

इतक्या महिन्यांत, इतक्या डॉक्टरांत, हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. माणसं कधी कधी तुच्छतेने फेकतात तीच नेमकी वस्तू आपल्याला हवी असते. मी गोळ्यांची चिठ्ठी त्यांच्या माशांच्या टाकीवर ठेवून बाहेर आले.

सरकारी रुग्णालयात अशी एक खोली आहे, असं शेजारच्या शाळेत शिकवणाऱ्या मास्तरांनी सांगितलं. "आहे" आणि "सापडते" या दोन वेगळ्या गोष्टी. आम्ही सकाळी रांगेत लागलो. पहिल्या खिडकीने दुसऱ्या इमारतीत पाठवलं, दुसऱ्या इमारतीने पहिल्या खिडकीकडे. एका पट्टेवाल्याने सांगितलं, "वो तो बहरों का कमरा है, आपका वहाँ क्या काम?" तिथल्या एका बाकावर मी बसले आणि मनात म्हटलं, पुरे. घरी जावं, उरलेला जन्म मेसेज करावेत. मी उठून फाटकाकडे चालूही लागले होते.

विजूताईंनी मला दंडाला धरून थांबवलं. मग त्या वळल्या आणि त्या लांबलचक बोळात अशा काही ओरडल्या, की रांगेतली लहान मुलं रडायची थांबली. "माझ्या वहिनीला बोलता येत नाही म्हणून कुणी ऐकणारच नाही का? गला दिखाने का नाही है, आवाज दिखाने का है! कोण बघतं आवाज?"

बोळाच्या टोकाचं एक दार उघडलं. आतून पन्नाशीच्या, चष्मेवाल्या बाई बाहेर आल्या, हातात डब्याचं झाकण. "मी बघते. ओरडू नका, आत मुलाची तपासणी चाललीय. बसा बाहेर. जेवण झालं की घेते."

या परब मॅडम. मूळच्या कुडाळच्या, वाचा-उपचार शिकून इथे नोकरीला लागलेल्या. त्यांच्या खोलीत मासे नव्हते, हार नव्हते. त्यांनी "होईल बरं" असं म्हटलं नाही. उलट विचारत सुटल्या. कधी गेला, कशानंतर गेला, गाता येतं का, हसताना काय होतं, झोपेत बडबडता का. होडीची हकीकत त्यांनी दोनदा वाचली.

"खोका," त्या म्हणाल्या.

मी खोकले.

"ऐकलंत? हा तुमचा आवाज. आता सांगा, कुजबुजत बोलायला कुणी सांगितलं?"

मी बोटांनी 'सगळ्यांनी' अशी खूण केली.

"कुजबुजणं म्हणजे घशाला विश्रांती नव्हे, बाई. सर्दीत घसा दुखला, तुम्ही तो आवळून धरलात, आणि कुजबुजून कुजबुजून तीच सवय लागली. स्नायू सुटायलाच विसरले. खोकताना, रडताना, घाबरताना तुम्ही विसरता आवळायला, म्हणून आवाज येतो. आजपासून कुजबुज बंद. लिहा, नाहीतर गप्प बसा."

मग त्यांनी माझ्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवली, फोड पाहून "हा काय मूर्खपणा?" असं विचारलं, विजूताईंनी छताकडे पाहिलं, आणि मॅडमनी फोड टाळून माझा कंठमणी हलकेच खाली ओढत चोळायला सुरुवात केली. दुखलं. मग घोटभर पाणी देऊन गुळण्या करायला लावल्या, आवाजासकट. सरकारी खोलीत, एका अनोळखी बाईसमोर, वर तोंड करून गुरगुरताना मला माझे सगळे शालू आणि सगळी व्यासपीठं आठवली. गुरगुरण्यात आवाज होता. "आता तोच आवाज ओठ मिटून. म्म्म्." आला. फाटका, पण आला. "मा." आला. "मामा." आला. "मी." हवा. "पुन्हा मा. घाई कशाची आहे?" किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी त्या म्हणाल्या, "नाव सांगा."

"मी... मीनाक्षी," मी म्हणाले. घोगरा, जाड, अनोळखी आवाज. पण हवा नव्हती ती.

विजूताई हमसाहमशी रडू लागल्या.

"रडायचं ते बाहेर," परब मॅडम म्हणाल्या. "उद्या या. आणि हे बरं झालं असं समजू नका. उद्या सकाळी पुन्हा जाईल."

त्यांचं एकही वाक्य खोटं ठरलं नाही. सकाळी उठले तर आवाज नव्हता. मी धावत गेले. पुन्हा गुळण्या, पुन्हा म्म्म्. दुपारी तो आला, संध्याकाळी गेला. तिसऱ्या दिवशी एक वाक्य टिकलं, चौथ्या दिवशी ते गाळात गेलं. मी नाशिकला फोन करवून मुक्काम वाढवला. दमणगंगेच्या काठाला बांधलेल्या रस्त्यावर सकाळी मी हुंकारत फिरायची. चालायला येणारे लोक मला वाट देऊन लांबून जायचे. एकदा मी मॅडमना लिहून विचारलं, मिरची चालेल का. "मिरचीने कुणाचा आवाज गेलेला मी पाहिला नाही. पोटाला झेपेल तेवढी खा." त्या संध्याकाळी भावोजींनी हायवेवरून उंबाडियू (पापडी आणि कंद मडक्यात कोंबून, मडकं उलटं ठेवून शेकोटीत भाजलेले) आणलं. हिरव्या चटणीने डोळ्यांतून पाणी आलं आणि मी पहिल्यांदा आपोआप, न ठरवता, अख्खं वाक्य बोलले: "ताक आहे का हो घरात?"

हळूहळू वाक्यं वाढली. लेकीला फोन केला. ती पलीकडून म्हणाली, "आई, तू आहेस?" एवढंच. त्यानंतर आम्ही दोघी बराच वेळ काही विशेष बोललोच नाही, नुसत्या लाईनवर होतो.

मॅडमनी नाशिकमध्ये असेच उपचार करणारी एक बाई शोधून दिली आणि निरोप घेताना सांगितलं, सराव सोडू नका. मी पेढे नेले होते. त्यांनी एक उचलला आणि डबा बाहेरच्या रांगेत फिरवायला सांगितला.

निघायच्या दिवशी डोकमर्डीच्या जिन्यात बायका जमल्या. विजूताईंचा चेहरा फुललेला. त्या सगळ्यांना सांगत होत्या, "महाराजांनी नजर काढली म्हणून पुढचं झालं बघ. सुरुवात लेपाची." खालच्या मजल्यावरची नंदुरबारची सुनबाई मन लावून ऐकत होती. तिचा मुलगा चार वर्षांचा होऊनही बोलत नव्हता. "मग आम्ही रविवारी जातो सायलीला," ती म्हणाली.

गप्प बसले असते तर कुणाचा राग आला नसता. ज्यांनी महिनाभर मला भाकरी घातली, माझ्यासाठी बोळात बोंब मारली, त्यांना त्यांच्याच जिन्यात खोटं पाडायचं कसं? पण मी आयुष्यभर माईकवरून लोकांची तोंडदेखली स्तुती केली होती, आणि तिने कुणाचं नुकसान होत नाही असं मानत आले होते. त्या मुलाकडे पाहिल्यावर तसं मानता येईना.

"लेपाने मला फोड आले," मी म्हणाले. "आवाज सरकारी रुग्णालयात आला. बोळाच्या टोकाची खोली, परब मॅडम. मुलाला आधी ऐकू येतं का ते त्या तपासतील. रविवारी नाही, उद्याच जा. सायलीला जाऊ नका."

विजूताई आत गेल्या.

वापीला त्या सोडायला आल्या. गाडी लागली. मी पाया पडायला वाकले. त्यांनी पिशवीत भाकऱ्या कोंबल्या, पदर नीट केला आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या, "चारचौघींत माझं नाक कापलंस."

"हो, ताई."

"सुनबाई उद्या जाऊन राहिली रुग्णालयात. मीच नेणार आहे तिला. तिला कोण बोळ दाखवणार?" मग त्यांना हसू आवरेना. "पण वहिनी, आवाज काय लागला गं तुझा! तिसऱ्या मजल्यावरून समोरच्या ओडियाच्या घरात ऐकू गेला. तो बाहेर आला बघायला."

गाडी कपराड्याकडे चढू लागली. मी विचार करत होते, या प्रवासात मला सगळ्यांनी आधी उत्तर दिलं. प्रश्न विचारला फक्त एकीने. महाराज, माशांचे डॉक्टर, सोसायटीतल्या काकू, सगळे एकाच माळेतले. आणि ती एक बाईसुद्धा मला मिळाली ती एका भोळ्या, लेपावर विश्वास ठेवणाऱ्या नणंदेच्या बोंबेमुळे, हे मान्य करायला मला घाटाची पाच-सहा वळणं लागली.

मी सराव सुरू केला. म्म्म्. मा. मामा. शेजारी जाकीट घातलेले एक गृहस्थ होते. त्यांनी थोडा वेळ सहन केलं, मग आपुलकीने वाकले.

"ताई, घशाचा त्रास का? आमच्याकडे हरसूलला एक जण आहेत. नुसती फुंकर मारतात. माझ्या चुलत मेव्हण्याला..."

"नको," मी म्हणाले.

कंडक्टरने पार मागच्या दारापाशी तिकीट फाडता फाडता त्या आवाजाने वर पाहिलं.